गॅलरीतलं अंडं

अंडं दिसलं तेव्हा माझ्या हातात राळ्याची वाटी होती, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, जिरली या घराची. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्या दोन पोपटांना झोपायला आम्ही एक लहान मडकं टांगलं होतं. पिस्ता सकाळपासून त्यातून बाहेर येईना म्हणून मी वाकून बघितलं. ती हिरवी, बुटकी, छातीवर करड्या खवल्यांची. मला पाहून तिने मान फुगवली, जराशी सरकली, आणि तिच्या पोटाखाली ते दिसलं. सुपारीएवढं, पांढरं. केशर मडक्यावर बसला होता, पिवळाधमक, तिच्या दीडपट, आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याच्या घरात न विचारता शिरले आहे. मी वाटी खाली ठेवली. खालच्या रस्त्यावर डाळ मिलचा ट्रक मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती. आत हॉलमध्ये माझे यजमान, लखीचंदजी, फोनवर कुणाला तरी माझ्या अठ्ठाईचं आमंत्रण देत होते. "पर्युषणात आमची कुसुमलता आठ दिवस निर्जळच म्हणा, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत." वीस दिवस आधीपासून चालू होतं हे. उपास मी करायची आणि घसा यांचा कोरडा पडायचा.

आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत. चेलना, आमची थोरली, शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पुस्तकात कोंबडीशेजारी काढलेल्या चित्रावर सासूबाईंनी कागद चिकटवला होता. पोरीने तो कागद नखाने खरवडून काढला, त्याबद्दल तिला मार बसला. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका हे आजही चष्मा लावून बघतात. कांदा तोंडात घालायचा नाही, पण नाकाने सोलायला कुणाची हरकत नाही, अशी सगळी तऱ्हा. म्हणूनच मुलगा अखिल आणि सून रूपल यांनी गेल्या वर्षी पोपट आणायचं काढलं तेव्हा यांनी एकच अट घातली होती. जोडी नको. घरात तसलं काही व्हायला नको. भूषण नावाचा जो पक्षीवाला आहे त्याने हसून सांगितलं, "काका, बिनधास्त न्या. एक पिवळा सन कोन्युर, एक हिरवा ग्रीन चीक. दोघांची जात वेगळी. एका दांडीवर बसतील, भांडतील, बस." जात वेगळी म्हटल्यावर यांचा चेहरा असा निवला, जसं काही डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणावं. नर कोण, मादी कोण, हे त्या दुकानात कुणीही विचारलं नाही. एखादं पीस उपटून तपासायला पाठवलं असतं तर कळलं असतं म्हणे. पण जात वेगळी आहे ना, मग झालं. तीस वर्षं समाजातल्या पोरापोरींची गोत्रं जुळवत बसलेला माणूस. जातीच्या भिंतीवर त्याचा जितका विश्वास आहे तितका कडीकुलपावर नाही. दोघांना एका पिंजऱ्यात घातलं, एक मडकं दिलं, वर्षभर राळा आणि सूर्यफुलाच्या बिया चारल्या, आणि निर्धास्त झोपले. पाखरांना कुणी सांगितलं नाही एवढंच.

संध्याकाळी बैठक बसली. हॉलमधले पंखे बंद केले होते, कारण यांना गंभीर बोलायचं असलं की पंख्याचा आवाज चालत नाही. जीव आहे, फेकता येत नाही. ठेवावं तर पंधरा दिवसांत अख्खा समाज साता, म्हणजे तपस्विनीची खुशाली, विचारायला घरी येणार, जैन स्थानकातल्या बायका तपस्येची गाणी म्हणायला येणार, आणि गॅलरीत हे. अखिलने भूषणला फोन लावला. भूषण म्हणाला, सोप्पं आहे, काढून घ्या, पाच मिनिटं उकळा, गार करून परत ठेवा. ती बसून बसून कंटाळेल आणि सोडून देईल. फोन स्पीकरवर होता. उकळा हा शब्द आमच्या हॉलमध्ये येऊन पडला आणि कुणीच तो उचलेना. मी म्हणाले, "कुठल्या पातेल्यात उकळायचं तेवढं सांगा, मी काढून ठेवते." हे माझ्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे कसं बघायचं असतं हे यांना अजून जमलेलं नाही. हे नेहमी माझ्या कानाच्या जरा बाजूला बघतात.

मग रुक्माबाईवर आलं. ती अमळनेरकडची, बारा वर्षं आमच्याकडे धुणंभांडी करते, गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचा फोटो. सकाळी यांनी तिला गॅलरीत बोलावलं, आवाजात तूप घातलं, म्हणाले, "रुक्माबाई, एवढं घरी घेऊन जा. तुमच्यात चालतं." तिने मडक्यात डोकावलं, पदराला हात पुसले. तिचं शहरी मराठी रागाच्या वेळी गळून पडतं. "मी नही लई जाऊ, आबा. ती माय शे. मायना पोटखालतून पोर मी कशी काढू? तुम्हनं पाप तुम्हनाच घरमा ऱ्हाऊ द्या." आणि मोरीत जाऊन तिने भांडी अशी आदळली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला लागले. हे मला म्हणाले, माणसं माजली आहेत. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी तिला दोनदा चहा दिला, आणि हे बघतील अशा जागी दिला.

शेवटी आशा एकच उरली. अंडं रिकामं असेल. जात वेगळी असली की आत काही धरत नाही, असं यांनी स्वतःच ठरवलं आणि दोन दिवस घरात जरा हसणंबोलणं झालं. रिकामं असेल तर जीव नाही, जीव नाही तर पाप नाही. कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळं. रूपलने फोनवर बघून ठेवलं होतं कसं तपासायचं ते. आठव्या दिवशी दुपारी कोठीच्या खोलीचा पडदा ओढून ती खाली बसली, अंडं दोन बोटांत धरलं आणि मागून मोबाईलची बॅटरी लावली. गव्हाच्या कोठ्या, लोणच्याच्या बरण्या, आणि मधोमध तो लाल उजेड. आत बारीक बारीक शिरा पसरल्या होत्या, आणि शिरांच्या मध्ये एक काळा ठिपका, हलणारा. रूपल म्हणाली, "आई, आहे." ती हसत होती. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली आहेत, अजून काही नाही, आणि ती हसत होती. मी गव्हाच्या कोठीला टेकले. मला तो दुसरा पडदा दिसायला लागला, राखाडी, डॉक्टरच्या टेबलावरचा.

मला धुळ्याला नेलं ते चौऱ्याण्णव साली. चेलना चार वर्षांची होती. जळगावात ओळखीचे फार म्हणून धुळे. यांचे धाकटे भाऊ रुपचंद तिथे राहतात, म्हणून कुणी विचारलं तर दिराकडे गेलो होतो. डॉक्टर कोण होता ते मला आठवत नाही, टेबलावरचा थंड मलम आठवतो. पोटावर ते यंत्र फिरत होतं आणि पडद्यावर काहीतरी लुकलुकत होतं, त्या ठिपक्यासारखंच, आपल्याच नादात. डॉक्टर माझ्याशी बोलला नाही. तो सासूबाईंना म्हणाला, "माजी, घरात एक लक्ष्मी आहे ना आधीच?" सासूबाईंनी डोळे मिटून मान हलवली. तेवढंच. दुपारपर्यंत सगळं उरकलं. संध्याकाळी दिराच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायला बसलो. मला भोवळ येत होती, मांड्यांमध्ये कपड्याचा बोळा होता, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, जावेला सांगत होत्या, हिरवी भाजी चिरू नकोस गं, आज चौदस आहे. चौदसीला हिरवं कापायचं नाही, त्यात जीव असतो. त्या संध्याकाळी धुळ्यात मेथीच्या जुडीलासुद्धा अभय होतं. मला पापडाची भाजी वाढली. मला ती आवडते, ती मी खाल्ली. दोन वर्षांनी अखिल झाला, पेढे वाटले, आणि त्या दिवसाबद्दल या घरात पुन्हा एक अक्षर कुणी बोललं नाही. सासूबाई पुढे वर्षाला चार चार तप करायला लागल्या, त्या अगदी जाईपर्यंत. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, असं कोण म्हणणार त्यांना? मी म्हणत असे, मनात. प्रतिक्रमणात आम्ही रोज म्हणतो, पाप करणं, पाप करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्ही सारखी. तोंडाने ते म्हणता म्हणता मी बोटं मिटत असे: डॉक्टरने केलं, सासूबाईंनी करवलं, यांनी बरं म्हटलं. तीन बोटं. एकतीस वर्षं मी ती तीन बोटं मिटते आहे आणि प्रत्येक वेळी मला एक प्रकारचं बरं वाटतं.

तर अंड्यात जीव निघाला, आणि यांना पुन्हा धुळे आठवलं. रुपचंदभाऊंनी आता गावाबाहेर बंगला बांधला आहे, मोठी बाग आहे. पिंजरा तिकडे पाठवू, पर्युषण संपलं की आणू. अखिलने भूषणला विचारलं तर तो म्हणाला, नका हो, दोन तासांचा रस्ता, गाडीत हादरे बसतील, मादी अंड्यावरून उठेल, आतल्या आत मरेल ते. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर एक हलकं समाधान आलं, उन्हाळ्यात कुणी खिडकी उघडावी तसं. म्हणजे आपल्या हाताने नाही मरणार. रस्त्यात मरेल. एरंडोल, पारोळा, मधला कुठलातरी खड्डा, कुणाचंच नाव नाही. "पर्युषणातल्या रविवारी नेऊ, शेवटची गर्दी व्हायच्या आत," हे म्हणाले. मला त्या अंड्याचं प्रेम वगैरे आलं नव्हतं. पाखरं मला आवडतसुद्धा नाहीत. घाण करतात, कर्कश ओरडतात, आणि केशरने माझ्या एका मोत्याच्या कुडीचा चावून भुगा केला आहे. पण धुळ्याच्या रस्त्यावर या घराने आणखी एक जीव सोडून यायचा आणि मी दारात उभं राहून गाडीला टाटा करायचा, हे मला होईना. एवढं एकच मला करायचं होतं, की ते अंडं गॅलरीतून हलता कामा नये.

माझ्याकडे शस्त्र म्हटलं तर एक उपास. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी मी पच्चक्खाण, म्हणजे रोज सकाळी नव्याने करायचा उपासाचा संकल्प, घेतलं आणि माझी गादी गॅलरीत पिंजऱ्याला चिकटून टाकायला सांगितली. मोकळी हवा हवी, मी म्हणाले. तपस्वी बाईला कुणी उठवत नाही. दोन दिवसांपूर्वीपर्यंत मी चहा उशिरा आणला म्हणून कपाळाला आठ्या घालणारा माणूस आता माझ्यासाठी पाण्याचा तांब्या धरून उभा. तिसऱ्या दिवशी डोकं हलकं झालं, जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव आली. माणसं वाकून पाया पडायची, साता आहे ना, साता आहे ना, आणि त्यांचे डोळे माझ्यावरून सरकून मडक्याकडे जायचे. पिस्ताही उठत नव्हती. केशर तिला चोचीत चोच घालून भरवायचा, फार घाणेरडं दिसायचं ते, मान वरखाली करत ओकायचा आणि ती खायची. बेचाळीस वर्षांत मला कुणी असं भरवलेलं नाही, आणि भरवलं असतं तर मी थोबाडीत दिली असती. पाहुण्यांतल्या कुणी विचारलंच तर मी स्पष्ट सांगायची. "अंडं आहे." तोंडं बघण्यासारखी व्हायची. जामनेरच्या मामीसासूबाई तर पदर नाकाला लावून मागे सरल्या, जणू मी ते तळून देणार होते.

पाचव्या दिवशी, रविवारी, हे आणि अखिल गॅलरीत आले. गाडी खाली उभी होती. अखिलच्या हातात जुनी चादर होती, पिंजऱ्यावर टाकायला. हे समजुतीने बोलले, लोक काय म्हणतात वगैरे, आणि मग पिंजऱ्याच्या कडीला हात घातला. मी पडल्या पडल्या म्हणाले, "न्या. उद्या सकाळी मी पच्चक्खाण घेणार नाही. चहा घेईन. बिस्किटं बुडवून."

"पाच दिवसांवर सोडतेस? पत्रिका अठ्ठाईच्या छापल्यात, कुसुम."

"पाच म्हणून दुसऱ्या छापा."

अखिलला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. यांचा हात कडीवर तसाच राहिला. माझ्या जाण्यायेण्याने, रडण्याने, आजारपणाने हा माणूस कधी हलला नव्हता, पत्रिकेने हलला. चादर घेऊन दोघं आत गेले आणि मी भिंतीकडे तोंड करून इतकी हसले की पोटात कळ आली. रिकाम्या पोटाला हसणं सोसत नाही.

संवत्सरीच्या दुपारी, माझ्या आठव्या दिवशी, पिल्लू बाहेर आलं. तेवीस दिवस भरले होते, भूषणने सांगितलं होतं बावीस-तेवीस, त्याप्रमाणे. गुलाबी, उघडं, डोळे मिटलेले, डोक्यापेक्षा पोट मोठं. कुणावर जाईल ते कळायला सहा आठवडे लागतील म्हणे. लताबाई, स्थानकातल्या महिला मंडळाच्या प्रमुख, त्याच वेळी गाणी म्हणायला बायका घेऊन आल्या होत्या. त्यांनी मडक्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाल्या, "तपस्येचा प्रभाव! दोन वेगळ्या जाती, आणि बघा!" झालं. अर्ध्या तासात ते घराघरांत पोचलं. काल ज्या नाकांना पदर लागले होते तीच नाकं आज पिंजऱ्याच्या तारांत घुसत होती, फोटो काढत होती. पिस्ता घाबरून किंचाळायला लागली. मी रुक्माबाईला हाक मारून गॅलरीचं दार लावून घ्यायला सांगितलं. संध्याकाळी सगळ्यांनी क्षमा मागत एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, उरलेल्यांना फोनवरून एकाच बोटाने पाठवलं, दोनशे जणांना एकदम, फुलांच्या चित्रासकट. हे माझ्यासमोरही हात जोडून उभे राहिले, कानाच्या बाजूला बघत. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पारणं. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, मला नवी बांधणी नेसवून खुर्चीवर बसवलं होतं. धुळ्याहून रुपचंदभाऊ आले होते, चेलनाही आली होती. तिला तिथेच दिली आहे, धुळ्यात. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी होतं. त्याचा वास येत होता आणि माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की बोलायची लाज वाटावी. हे वाटी घेऊन उभे राहिले, पण पाजण्याआधी यांना भाषण करायचं होतं. यांनी घसा साफ केला. आमच्या घराने तो जीव कसा सांभाळला, लोक काय काय म्हणाले तरी आम्ही कसे डगमगलो नाही, हे सगळं सांगितलं. अखिल खाली बघत होता. मी ऐकत होते, मला नेहमीसारखी मजाच वाटत होती. मग हे म्हणाले, "आईसाहेबांचे संस्कार आहेत. या घरात आजवर एकाही जीवाला धक्का लागलेला नाही." आणि वाटी माझ्या ओठांना लावली.

मी तोंड बाजूला घेतलं. "लागलाय," मी म्हणाले. आवाज बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "चेलनाच्या पाठची. धुळ्याला, चौऱ्याण्णव साली. मुलगी होती म्हणून पाडली. चार महिन्यांची होती."

रुपचंदभाऊ उठून खिडकीपाशी गेले. लताबाईंनी कुणाचा तरी हात धरला. हे हसायचा प्रयत्न करत म्हणाले, उपासाने भ्रम होतो, आठ दिवस झालेत, डोकं ठिकाणावर राहत नाही. मला वाटलं होतं छाती मोकळी होईल, आणि खरंच झाली. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, या सगळ्यांना तुच्छ लेखणं मला पहिल्यांदाच असं उजळ माथ्याने करता येत होतं. "डॉक्टरने केलं," मी म्हणाले. "सासूबाईंनी करवलं. हे हो म्हणाले. मला नेलं आणि..."

चेलना पुढे आली. तिने यांच्या हातातून वाटी काढून घेतली. माझी मुलगी, पस्तीस वर्षांची, माझ्यासारखंच नाक. मला वाटलं ती मला पाजणार, मी तोंड उघडलंसुद्धा.

"नेलं म्हणजे?" ती म्हणाली. "बांधून नेलं होतं का तुला, मम्मी?"

खाली कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं. मी आठवायचा प्रयत्न केला. मला आठवायची गरज नव्हती. सकाळी सहाला उठून मी स्वतः वेणी घातली होती. जांभळी साडी काढली होती, प्रवासाला चुरगळत नाही म्हणून. आदल्या रात्री हे एकदा, एकदाच, दारात उभं राहून म्हणाले होते, तुझं मन नसेल तर सांग. मी म्हटलं होतं, गाडी किती वाजता येईल?

"नाही," मी म्हणाले. "मीच गेले."

चेलना माझ्याकडे बघत राहिली. ती कानाच्या बाजूला बघत नाही. त्या नजरेत काय होतं ते मला ओळखायला वेळ लागला नाही, ती नजर मी जन्मभर दुसऱ्यांवर वापरली आहे. तिने वाटी माझ्या मांडीवर ठेवली. "मग हेही तुझं तूच पी," म्हणाली, आणि पर्स उचलून माणसांच्या मधून दाराकडे गेली. कुणी तिला अडवलं नाही. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मुगाच्या पाण्याचा वास येत होता. आठ दिवसांची भूक होती. मी वाटी उचलली आणि प्याले.